ई-४६ कूपेची चाल सुधारताना : बेळगावच्या शेडमधल्या नोंदी

गाडी : बीएमडब्ल्यू ३३०सीआय (३ सिरीजची ई-४६ पिढी), २००३, मॅन्युअल. इंजिन एम५४, सरळ रांगेत सहा सिलिंडर, २९७९ सीसी, २३१ अश्वशक्ती. १,३४,००० किमी. इंजिन खणखणीत आहे, त्याला हात लावायचा नाही. काम फक्त चालीचं.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल खंडेनवमी-दसऱ्याची हत्यारं पुजून झाली, आज ती वापरायला काढली. आधी तक्रारी नेमक्या शब्दांत लिहून ठेवल्या. "गाडी बरोबर चालत नाही" असं लिहून काहीच सापडत नाही.

एक : महामार्गावर ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाकोरीत गाडी आपोआप डावी-उजवीकडे भटकते. दोन : वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू क्षणभर उशिरा बसते, म्हणजे पुढची चाकं वळून झाल्यावर मागून एक वेगळा धक्का येतो. तीन : ८० वरून हलका ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, जोरात दाबला की थरथर थांबते.

तिसऱ्या तक्रारीतला "हलका" आणि "जोरात" हा फरक महत्त्वाचा. डिस्क वाकडी असेल तर जोरात दाबल्यावर थरथर वाढायला हवी. इथे थांबते. म्हणजे काहीतरी सैल आहे आणि जोर आला की एका बाजूला टेकून बसतं.

सपाट फरशीवर उंचीची मापं घेतली. रिमच्या खालच्या कडेपासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजायचं, जमिनीपासून नाही. टायरमधली हवा आणि झीज त्यामुळे मापात येत नाही. पुढे डावं ५८८, उजवं ५९२. मागे डावं ५७४, उजवं ५७१ मिमी. हे आकडे दारावर खडूने लिहिले, पुढे पदोपदी लागणार आहेत.

टायर : पुढे २२५/४५ आर१७, मागे २४५/४० आर१७. मागच्या डाव्या टायरची नक्षी बाहेरून ५ मिमी, आतून २ मिमी. कॅम्बरने (चाकाचा माथा आत झुकलेला असल्याने) आतली कड थोडी जास्त झिजतेच, पण एवढा फरक पडतो तेव्हा सोबत टो (चाक पुढून आत किंवा बाहेर किती वळलंय ते) बिघडलेला असतो. आतल्या कडेवर बोट आडवं फिरवलं की करवतीसारखं लागतं, एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवलं तर दाते. ही टोची खूण.

२० ऑक्टोबर

गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर). पावसाळाभर खालून उडालेला तांबडा चिखल वाळून विटेसारखा झालेला. खानापूर-जांबोटीकडच्या लाल मातीत चाललेल्या गाडीला आधी धुतल्याशिवाय काहीही तपासता येत नाही, भेग मातीखाली झाकलेली असते. प्रेशरने धुताना बॉल जॉइंटच्या रबरी टोप्यांवर झोत मारला नाही.

काय सापडलं :

पुढच्या लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) मागचा बुश (सांध्यातलं रबर; ज्याला लॉलिपॉप म्हणतात तो ब्रॅकेट), दोन्ही बाजूंचे गेलेले. हे बुश आतून द्रव भरलेले असतात. डाव्याच्या खाली काळपट ओघळ वाळलेला, म्हणजे द्रव कधीच सांडून गेलाय. पहार लावून हलकं उचकलं तर आर्म पुढेमागे ६-७ मिमी सरकतो. डिस्कवर डायल गेज लावलं, काटा ०.०४ मिमी हलला. डिस्क निर्दोष. थरथर बुशचीच.

मागच्या ट्रेलिंग आर्मचे (मागच्या चाकाला गाडीशी जोडणारा लांब दांडा) बुश : रबर धातूच्या नळीपासून अर्ध्या घेरात सुटलेलं. चाक हाताने आडवं ओढलं की आर्म तिरका होतो आणि चाकाचा टो डोळ्यांना दिसेल इतका बदलतो. दुसऱ्या तक्रारीचं मूळ इथे.

मागच्या शॉकची वरची माउंट, उजवीकडची रबर फाटलेली. शॉक चारही मेलेले. पुढच्या दोन्हींवर तेलाचा पट्टा. स्प्रिंग मात्र धड, शेवटच्या वेढ्याला भेग नाही. व्हील बेअरिंग चांगले. स्टिअरिंग कॉलमचा रबरी जोड चांगला. टाय-रॉडच्या आतल्या जॉइंटला प्ले नाही.

कामाचा क्रम ठरला : मागची फरशी, मागचे बुश, पुढचे बुश, शॉक, टायर, मग अलाइनमेंट. बहुतेक जण उलट करतात, आधी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी सळई). सुटलेल्या बुशवर कडक स्प्रिंग बसवली तर तोच सैलपणा जास्त जोराने हलतो, बाकी काही बदलत नाही. वीस वर्षांच्या गाडीत रबर बदलणं हीच सर्वांत मोठी सुधारणा आहे, आणि ती कारखान्याच्या चालीकडे परत नेते. त्याच्यापुढे काही करायचं की नाही हे त्यानंतरच कळतं.

२७ ऑक्टोबर

मागची सबफ्रेम (मागची यंत्रणा पेलणारा सांगाडा) उतरवली. हे काम कशासाठी, ते सविस्तर लिहायला हवं, कारण ई-४६ विकत घेणारा प्रत्येक जण या जागी फसू शकतो.

या गाडीत मागची सबफ्रेम शरीराच्या (बॉडीच्या) फरशीला चार ठिकाणी, म्हणजे माउंटवर, बोल्टने लटकते. फरशीचा पत्रा पातळ, वरचा भाग स्पॉट वेल्डने जोडलेला. क्लच सोडला की डिफरन्शियल (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) सबफ्रेमला पिळतं, ॲक्सिलरेटर सोडला की उलट पिळतं. ही पीळ लाखो वेळा झाली की माउंटभोवतीचा पत्रा थकतो आणि फाटतो. सबफ्रेमचे बुश सैल असतील तर धक्का जास्त. फाटलेल्या फरशीवर कितीही महागडे शॉक लावले तरी मागचा टो स्थिर राहत नाही, कारण ज्याला सगळं टांगलंय तेच हलतंय.

क्रम असा : बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली (बॅटरी डिकीत उजवीकडे). एक्झॉस्ट, उष्णतारोधक पत्रे, प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकच्या केबल, ब्रेकची पाइप, एबीएसच्या वायर. मागच्या स्प्रिंगा आणि शॉक सोडले. ट्रेलिंग आर्मच्या ब्रॅकेटचे तीन-तीन बोल्ट काढण्याआधी ब्रॅकेटची कड शरीरावर टोकदार सुईने कोरून ठेवली. मागचा टो याच ब्रॅकेटच्या लांबट भोकांत सरकवून जुळवतात, खूण नसेल तर गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंतही सरळ जाणार नाही. खडूची खूण धुण्यात जाते, कोरलेलीच हवी.

सबफ्रेम दोन जॅकवर फळी टाकून डिफरन्शियलसकट एकत्र खाली घेतली. तिघे लागतात. दोघांत केली तर ती एका बाजूला कलते.

चारही माउंटभोवतीचं सीलर उष्ण हवेने मऊ करून खरवडलं, तारेच्या ब्रशने पत्रा उघडा केला. डाव्या पुढच्या माउंटच्या कडेला केसासारखी भेग, २२ मिमी. बाकी तिन्ही ठिकाणी काही नाही. भेग आणि ओरखडा यात फरक कसा करायचा : पेनिट्रंट डाय (भेगेत झिरपणारा लाल रंग) शिंपडायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. ओरखडा पांढरा राहतो, भेगेतून लाल रेघ हळूहळू वर येते. आज ती पाच मिनिटांत आली, आणि बघणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ६ मिमी लांब होती. म्हणजे २८.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर वेल्डिंग. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, पुढच्या माउंटच्या अगदी शेजारी. टाकी काढल्याशिवाय इथे टॉर्च पेटवायचा नाही, ओलं फडकं टाकून भागवायचं नाही. टाकी बाहेर अंगणात, तोंडं बंद करून. आतून मागची सीट, गालिचा, डांबरी ध्वनिरोधक पट्टा काढला. हा पट्टा वेल्डिंगच्या उष्णतेने धुमसतो. आत एक माणूस अग्निशामक आणि पाण्याची बादली घेऊन पूर्ण वेळ बसला.

भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक. टोक गोल झालं की भेग पुढे धावत नाही. मग भेग ग्राइंडरने व्ही आकारात उघडून मिग वेल्डिंगने भरली, पातळ घासली. वरून चारही माउंटना २ मिमी पत्र्याच्या पट्ट्या, माउंटच्या घडीला घट्ट बसतील अशा ठोकून. न फाटलेल्या तिन्ही ठिकाणीही लावल्या, कारण गाडी पुन्हा एवढी उघडायची नाही.

पट्टी बसवताना होणारी चूक : सलग वेल्ड. पातळ पत्रा ओढला जातो, माउंटचं भोक १-२ मिमीने सरकतं आणि सबफ्रेम परत बसत नाही. २० मिमीचे टाके, एक इकडे एक समोर, हात लावता येईल इतकं गार झाल्यावर पुढचा. पट्टीच्या कोपऱ्यांना गोलाई दिली. टोकदार कोपऱ्यातून नवी भेग सुरू होते.

झिंक प्रायमर, मग पीयू सीलर, मग पोकळीत मेण. मेण आठवणीने. इकडचा पावसाळा आणि लाल चिखल एकत्र आले की उघडा पत्रा एका हंगामात खाल्ला जातो.

सबफ्रेमचे चारही रबरी बुश नवीन, डिफरन्शियलचेही. ॲल्युमिनियमचे कडक बुश मिळतात, घेतले नाहीत. रस्त्यावरच्या गाडीत ते डिफरन्शियलचा गुरगुराट सीटपर्यंत आणतात.

१७ नोव्हेंबर

ट्रेलिंग आर्मचे बुश. आर्म बाहेर आहेत तोवरच हे करून घेणं सोपं.

बुश ओढायचं अवजार उद्यमबागच्या लेथवर बनवलं. एम१६ ची आटे असलेली सळई, ३०० मिमी. एक कप, आतलं माप बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा २ मिमी जास्त, खोली बुशपेक्षा १० मिमी जास्त. एक चकती, बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा १ मिमी कमी. दोन्ही ईएन८ पोलादात. नटाखाली ५११०३ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग (१७ मिमी भोक, एम१६ सळईवर छान बसतं). बेअरिंग नसेल तर नट आणि कप एकमेकांना खातात आणि निम्मा जोर घर्षणात जातो. या गावात पंप, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे सुटे भाग रोज कातले जातात, असला कप हे त्यांच्यासाठी दुपारच्या जेवणाआधीचं काम. हातोड्याने बुश ठोकू नये, आर्मचं कान वाकतं.

जुना बुश काढण्याआधी तो कुठल्या कोनात होता ते आर्मवर मार्क केलं. नवा त्याच कोनात. कानाच्या आत बारीक एमरी, मग साबणाचं पाणी. ग्रीस नाही. पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं. बुशच्या दोन्ही बाजूंना नायलॉनच्या लिमिटर चकत्या घातल्या. त्या आर्मला आडवं सरकू देत नाहीत, पण वर-खाली हालचालीला अडवत नाहीत.

पॉलियुरेथेनचे बुश इथे मुद्दाम टाळले. हा आर्म नुसता वर-खाली होत नाही. वरचा आणि खालचा कॅम्बर आर्म त्याला वेगळ्या वर्तुळात ओढतात, त्यामुळे बुशला पीळही सोसावी लागते. रबर पिळतं, पॉलियुरेथेन अडकतं. अडकलं की जोर पुन्हा त्या पातळ फरशीवर, जी आपण नुकतीच शिवली.

आता कोनाचा मुद्दा. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळतं. बोल्ट ज्या कोनात आवळाल तो त्याचा विसावा. आर्म खाली लोंबत असताना आवळला, तर गाडी जमिनीवर टेकल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. शिवाय या गाडीत ब्रॅकेट शरीराला बसल्यावर मधल्या बोल्टला पाना पोचत नाही. म्हणून ब्रॅकेट आर्मला बाहेरच, योग्य कोनात आवळून मगच वर न्यावं लागतं.

उजव्या बाजूला कोन मोजून लावला. डाव्या बाजूला तोच कोन नजरेने.

१९ नोव्हेंबर

सबफ्रेम वर, तात्पुरते जुने शॉक लावून गाडी खाली उतरवली, २०० मीटर पुढेमागे केली. मागे डावं ५८०, उजवं ५७२. डावीकडे ८ मिमीचा फरक. ती बाजू हाताने दाबली तर खाली जाते आणि लगेच उसळते, म्हणजे बुश स्प्रिंगचं काम करतोय.

नजरेवरचा कोन चुकला होता. डावा ब्रॅकेट पुन्हा काढला. या वेळी नीट पद्धत :

मूळ उंची ५७४. रिमचा कडेपासून कडेपर्यंतचा व्यास ४५५, त्याचा निम्मा २२७.५. म्हणजे चाकाच्या केंद्रापासून फेंडरपर्यंत सुमारे ३४६ मिमी. स्प्रिंग काढलेली, ब्रॅकेट नुसता हाताने आवळलेला आणि शरीराला लावलेला. जॅकने हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) वर उचलला, टेप ३४६ दाखवेपर्यंत. आता आर्म गाडी उभी असतानाच्या कोनात आहे. पुठ्ठ्याचा तुकडा ब्रॅकेटची कड आणि आर्मची कड यांच्यात धरून कात्रीने त्या कोनात कापला. मग सगळं खाली घेऊन, पुठ्ठा जागेवर बसवून, मधला बोल्ट ११० न्यूटन-मीटर. ब्रॅकेट वर, कोरलेल्या खुणेवर, तीन बोल्ट (१८ चा पाना) ७७ न्यूटन-मीटर.

परत मोजलं : डावं ५७३, उजवं ५७२. पुठ्ठ्यावर "मागचा, डावा-उजवा दोन्ही" लिहून भिंतीला टाचला.

२४ नोव्हेंबर

पुढचे आर्म आणि बुश. आर्म ॲल्युमिनियमचे, दोन्ही बॉल जॉइंटसह पूर्ण बदलले. जॉइंटची पिन फिरू लागली तर नट निघत नाही. तेव्हा खालून जॅकने हलका दाब द्यायचा, पिन शंकूत घट्ट बसते. शंकू सोडवायला नकलच्या (हब धरणाऱ्या भागाच्या) कानावर दोन हातोड्या समोरासमोर एकाच वेळी. फाटा (दोन दात्यांची पाचर) घातला तर टोपीच फाटते. आतल्या जॉइंटच्या नटावर पाना अर्धाच फिरतो, वेळ धरून करावं लागतं.

बुश द्रवाचे नाहीत, भरीव रबराचे घेतले. खड्ड्याचा आवाज किंचित वाढतो, पण फुटायला आत काही नाही. आर्मच्या शेपटाला षट्कोनी टोक आहे, त्यावर बुश सरकवायचा. इथे एक गोष्ट हमखास चुकते : साबणपाणी लावून बुश ढकलल्यावर अर्ध्या तासाच्या आत गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी राहिली पाहिजे. साबण वाळला की रबर षट्कोनाला पकडतं आणि ज्या कोनात असेल तिथेच राहतं. म्हणून बाकी सर्व आधी तयार, बुश शेवटी. घड्याळ लावून केलं, २१ मिनिटं.

टॉर्क : बाहेरचा बॉल जॉइंट ६५, आतला ९०, ब्रॅकेटचे शरीराला बोल्ट ५९ न्यूटन-मीटर. स्वतः लॉक होणारे नट पुन्हा वापरले नाहीत. चाकांचे बोल्ट १२०.

थरथर गेली. ८० वरून हलका ब्रेक, स्टिअरिंग स्थिर.

१ डिसेंबर

शॉक. बिलस्टाइन बी६, मूळ स्प्रिंगांवर. उंची कमी करायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. इथे प्रत्येक गावाच्या वेशीवर हंप आहे, बरेचसे बिनरंगाचे आणि मापात नसलेले. शिवाय ई-४६ खाली बसवली की पुढचा लोअर आर्म आडव्याच्या पलीकडे झुकतो, वळणात मिळणारा कॅम्बर घटतो आणि शॉकचा प्रवास संपून बंपस्टॉप (शेवटी अडवणारं रबर) लागतो. बंपस्टॉपवर टेकलेली गाडी खडबडीत वळणात टायर उचलते. २० मिमी खाली बसवलेल्या गाडीपेक्षा मूळ उंचीवर, शॉक नीट काम करणारी गाडी जांबोटीच्या रस्त्यावर वेगवान असते, यात आम्हाला शंका नाही.

पुढे : माथ्याचे तीन नट, नकलचा एक पिंच बोल्ट. नकलची फट पहारीने फार उघडायची नाही, ती परत मिटत नाही. हब सुटल्यावर ब्रेकच्या होजवर लोंबू द्यायचा नाही, तारेने बांधला. नवा स्ट्रट नकलमध्ये खाली टेकेपर्यंत. अर्धा वर राहिला तर कॅम्बर डावा-उजवा वेगळा येतो आणि कारण सापडत नाही. माथ्याचे नट २४ न्यूटन-मीटर, पिंच बोल्ट ८१.

स्ट्रटच्या माथ्यावर एक छोटी पिन असते, ती माउंटला शरीरातल्या एकाच जागी बसवते. दोन्ही बाजूंच्या पिना काढून माथा आतल्या बाजूला ढकलून आवळला. या गाडीत पुढचा कॅम्बर वाढवण्याचा हा एकमेव फुकट मार्ग.

मागे : नवीन माउंट, वर जाड पट्टीसह, जेणेकरून शॉकचा धक्का पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरेल. खालचा बोल्ट १००, तोही गाडी चाकांवर उभी असताना.

मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकमधला वायू दांडा बाहेर ढकलतो, त्यामुळे गाडी किंचित उचलली गेली : पुढे ५९४/५९५, मागे ५७७/५७६. अपेक्षित.

८ डिसेंबर

टायर. मागे रुंद, पुढे अरुंद ही रचना कारखान्याने सुरक्षिततेसाठी ठेवली, पुढची बाजू आधी घसरावी म्हणून. चारही चाकं १७×८, ईटी ४७, चारही टायर २२५/४५ आर१७ केले. पुढची पकड वाढत नाही, मागची थोडी घटते, तोल मध्याकडे येतो. शिवाय टायर आता पुढे-मागे फिरवता येतात. २२५/४५ चा व्यास ६३४ मिमी, २४५/४० चा ६२८. म्हणजे आधी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांत एक टक्का फरक होता. आता तो नाही.

दोरीने प्राथमिक मोजमाप. गाडीच्या दोन्ही बाजूंना घोड्यांवर नायलॉनची दोरी ताणली, हबच्या मध्याच्या उंचीला. पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) मागच्यापेक्षा ७ मिमी कमी भरतो, म्हणून दोरी पुढच्या हबपासून मागच्यापेक्षा ३.५ मिमी दूर ठेवायची, नाहीतर सगळी मापं तिरकी येतात. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर. ४५५ मिमी रिमवर १ मिमी फरक म्हणजे सुमारे ७.५ मिनिटं (अंशाची). कॅम्बर रिमच्या वरच्या-खालच्या कडेला ओळंबा लावून, ८ मिमी म्हणजे साधारण १ अंश. दुकानात जाण्याआधी एवढं केलं की तिथे मशीन काय सांगतंय हे आपल्याला कळतं.

१५ डिसेंबर

चारचाकी अलाइनमेंट. बीएमडब्ल्यूची मापं भार ठेवूनच घ्यायची असतात : पुढच्या दोन्ही सीटवर ६८-६८ किलो, मागे मध्ये ६८, डिकीत २१ किलो, टाकी पूर्ण. वाळूची पोती धान्याच्या काट्यावर तोलून नेली. मशीनवाल्याला आधी हे समजावून सांगावं लागतं. रिकाम्या गाडीवर केलेला मागचा कॅम्बर चालवताना बदललेला असतो.

पोत्यांसह, हात लावण्याआधी : मागे डावा टो उणे ६ मिनिटं (बाहेर), उजवा अधिक १४. बेरीज चांगली दिसते, पण दोन्हींच्या फरकाने मागची धुरी १० मिनिटं एका बाजूला ढकलते, आणि सरळ जायला स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. जुनी खूण होती तिथेच बसवलं होतं, म्हणजे ही चूक आधीपासूनची. नुसती बेरीज बघून "टो ओके" म्हणणारं दुकान असेल तर तिथून गाडी काढून घ्यावी.

आधी मागचा कॅम्बर, खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक (केंद्र सरकवलेल्या) बोल्टने, उणे २°१०′/१°५५′ वरून दोन्ही उणे १°४०′. त्याने टो हलतो, म्हणून टो नंतर : ब्रॅकेट सरकवून दोन्हीकडे अधिक ९ मिनिटं. मग पुढे. पिना काढल्याने कॅम्बर उणे ०°३८′/०°३१′ वरून उणे १°०६′/१°०२′. टो बेरीज अधिक १०. स्टिअरिंग मध्यभागी बांधून मगच टाय-रॉड.

स्कॅनरने स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य पुन्हा नोंदवलं. हे राहिलं तर डीएससीला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) गाडी वळतेय असं वाटतं आणि सरळ रस्त्यावर ब्रेक मध्येच लागतो.

२२ डिसेंबर

सकाळी सहा, बेळगाव-जांबोटी-कणकुंबी. मलप्रभेच्या उगमाकडे जाणारा हा रस्ता, झाडी, उंचसखल, वळणं अर्धी आंधळी. वेग मर्यादेतच, चाल तपासायला ६० पुरेसा.

टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत. थंड हवा पुढे ३२, मागे ३४ पीएसआय. वीस मिनिटांनी ३६ आणि ३८. पुढच्या बाहेरच्या खांद्यावर खडू भिंतीपर्यंत पुसला गेला, म्हणजे टायर दुमडतोय. पुढे थंड ३४ केलं. दुसऱ्या फेरीत खडू खांद्याच्या खुणेशी थांबला. मागे ३४ वरच बरोबर.

वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागचा धक्का नाही. वळणाच्या मधोमध छोटा खड्डा लागला तर गाडी खाली-वर होते, आडवी सरकत नाही. परतीला महामार्गाच्या चाकोरीत स्टिअरिंग थोडं ओढतं, ते रुंद टायरचं आहे, भटकणं नाही.

एक खटखट मागून, हंपवरून हळू जाताना.

५ जानेवारी २०२५

५४० किमीनंतर सगळं पुन्हा आवळलं. खटखट उजव्या मागच्या शॉकच्या वरच्या नटाची, चौथा भाग फिरला. दांड्याचा तो नट पातळ आटीचा असतो, इम्पॅक्टने लावला तर दांडा फिरतो आणि नट आवळलाय असं भासतं. दांडा ॲलन कीने धरून हाताने.

ट्रेलिंग आर्मचे ब्रॅकेट कोरलेल्या नव्या खुणेवरून हलले नाहीत. डाव्या पुढच्या माउंटचं वेल्डिंग आतून टॉर्च लावून पाहिलं, सीलर अखंड. पुढच्या बुशवर ओघळ असणं शक्यच नाही. मागच्या टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं, दोन्ही दिशांनी सारखं.

उंची : पुढे ५९३/५९४, मागे ५७५/५७५.

अँटी-रोल बारचं अजून ठरवलेलं नाही. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर चालवून मगच बघायचं. जूनपर्यंत काही बदलायचं नाही.